नवा करार: ‘करार’ या शब्दात ते सगळे मावते का?

भाषांतरी: बायबलातील ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकावरील एका अभ्यासपुस्तिकेचे मराठीकरण सध्या माझ्याकडे आहे. आठव्या अध्यायापर्यंत ‘नवा करार’ (देवाने माणसांशी बांधलेले नवे नाते; बायबलाच्या दुसऱ्या भागाचे नावही हेच) विनातक्रार चालला; नवव्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात मात्र गाडे अडले. तेथेही मूळ ग्रीक शब्द ‘दियाथेके’ हाच आहे, पण मराठी बायबलात त्या जागी ‘मृत्युपत्र’ येते, कारण ते करणारा मेल्याशिवाय अमलात येत नाही, असे तेथे म्हटले आहे. मुद्रितशोधकांनी समासात लिहिले, ‘एका शब्दाला दोन प्रतिशब्द का? एकच ठेवा.’ शिवाय त्यांचा आक्षेप असा की, करारात दोन्ही पक्ष बसून अटी ठरवतात, आणि येथे तर माणसाने काहीच ठरवलेले नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील एकतिसाव्या अध्यायातले नव्या कराराचे वचन (देव आपले नियमशास्त्र माणसांच्या हृदयावर लिहील, लहानथोर सगळे त्याला ओळखतील, पापांची आठवण उरणार नाही), शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने हाती घेतलेला प्याला आणि हे मृत्युपत्र, या तिन्हींना पुरेल असा एक शब्द कोणी सुचवील का?

नोटरी: मुद्रितशोधकांचा आक्षेप कायद्याच्या कसोटीवर अर्धाच टिकतो. विम्याच्या छापील अटींवर आपण सही करतो तेव्हा कोणती घासाघीस होते? तरी तो करारच असतो. अडचण वेगळीच आहे. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम २५ प्रमाणे प्रतिफलाशिवाय (मोबदल्याशिवाय) केलेला करार शून्य असतो, आणि ख्रिस्ती मंडळी तर कृपा फुकट मिळते असे सांगतात. अर्थात त्याच कलमात अपवादही आहे: जवळच्या नातलगांनी नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी केलेला, लेखी आणि नोंदलेला करार प्रतिफलावाचूनही चालतो. हृदयावर लिहिलेले नोंदणी कार्यालयात चालेल की नाही, हे मी सांगू शकत नाही.

शुद्धमती: मुळात ‘करार’ हा अरबी शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि खरेदीखतांत व भाडेपट्ट्यांत रुळला. देवाच्या वचनासाठी तो वापरताना कोणालाच खटकले नाही, याचे नवल वाटते. आपल्याकडे ‘भाक’ हा जुना आणि भारदस्त शब्द आहे. भाक देणारा एकटा देतो, समोरच्याची सही लागत नाही आणि दिलेली भाक मोडणे हा कलंक समजला जातो. ‘नवी भाक’ म्हणावे.

आडवाट: करार म्हणजे ‘कर’, अर्थात हात. हातावर हात मारून केला तो करार, असे आमचे तात्या सांगत. शब्द अस्सल देशी आहे.

शुद्धमती: तात्यांचा मान राखून सांगते की, अरबीत ‘करार’ म्हणजे स्थैर्य, ठाव. आपला ‘करारी’ माणूस त्याच घरातला. हाताचा येथे संबंध नाही.

नगरकर: तसे असेल तर ताईंनी स्वतःच स्वतःचा मुद्दा खोडून काढला आहे. स्थैर्य हा अर्थ देवाच्या वचनाला शोभत नाही, तर कशाला शोभतो? उलट ‘भाक’ आज एकटी कोठे भेटते? ‘आणाभाका’ या जोडीत, आणि त्याही बहुतेक प्रेमिकांच्या. मंडळीत कोणी ‘नव्या भाकेचे रक्त’ असे वाचले, तर मागच्या बाकांवरची तरुण मुले उरलेली उपासना हसण्यात घालवतील. नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ मध्ये श्रीरामपुरास (बंगालातल्या, आमच्या जिल्ह्यातल्या नव्हे) छापले गेले. शेजारी गुजरातीतही ‘नवो करार’च आहे. हिंदीत ग्रंथाला ‘नया नियम’ म्हणतात आणि यिर्मयाच्या वचनात ‘नई वाचा’ येते; त्यामुळे तेथे ग्रंथ आणि वचन यांचा धागाच तुटतो. आपल्याकडे एकाच शब्दाने दोन्ही बांधले आहेत, ही सोय सहज सोडू नये.

दुसरे असे की, करार दोघांचा की एकाचा, हा प्रश्न शब्दकोशाने सुटणारा नाही, कारण खुद्द शास्त्रात दोन्ही प्रकार आहेत. हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राम कालवड, शेळी आणि मेंढा चिरून अर्धे अर्धे समोरासमोर मांडतो. त्या तुकड्यांमधून चालत जाणारा ‘मी वचन मोडले तर माझेही असेच होवो’ असे जणू म्हणत असे. सूर्य मावळता अब्रामाला गाढ झोप लागते आणि अंधारात धुमसती भट्टी व जळती मशाल तेवढी मधून जाते, म्हणजे देव एकटाच जातो. याउलट निर्गमाच्या चोविसाव्या अध्यायात मोशे निम्मे रक्त वेदीवर टाकतो, लोकांकडून ‘आम्ही सर्व पाळू’ असे वदवून घेतो आणि मग उरलेले रक्त त्यांच्यावर शिंपडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्याला देताना येशू जे ‘कराराचे रक्त’ म्हणतो, ते शब्द तेथले आहेत. हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरकारांपुढे समसमान पक्षांच्या तहासाठी ‘सिंथेके’ हा शब्द तयार होता. त्यांनी तो बाजूला ठेवून ‘दियाथेके’, म्हणजे एकाने करून ठेवलेली व्यवस्था, हा निवडला. मृत्युपत्राचा अर्थ त्याच शब्दाच्या पोटात होता आणि पत्रकर्त्याने त्याचा उपयोग केला. तो श्लेष मराठीत येत नसेल तर तळटीप द्यावी, मुद्रितशोधक रागावले तरी चालेल.

दप्तरखाना: एकाने करून द्यायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे, यासाठी मराठी राज्याच्या कागदांत ‘कौल’ आहे. पडीक जमीन लागवडीस यावी म्हणून सरकार रयतेला चढत्या साऱ्याचा इस्ताव्याचा कौल देई. रयत अटी ठरवत नसे, पण कौल घेऊन वस्तीला आली की तिच्यावर जबाबदारी येई. कृपा आधी आणि आज्ञापालन नंतर, हा क्रम त्यात नेमका सापडतो. ‘नवा कौल’ का नको?

मालवणी माणूस: कारण आमच्याकडे कौल गुरव लावतो. देवाला पाकळ्या चिकटवतात आणि उजवी पडली की डावी यावर होकार-नकार ठरतो. देवाच्या मनात काय आहे ते काढून घेण्याची ती रीत आहे, त्याने बांधून घेतलेला शब्द नव्हे.

दप्तरखाना: मंदिरातला अर्थ एक आणि दप्तरातला दुसरा. एका अर्थामुळे दुसरा बाद करायचा असेल तर छपरावरच्या कौलांचे काय करायचे?

वसईकर: आपण सगळे ग्रंथाच्या नावात अडकलो आहोत, श्रद्धावंताला मात्र हा शब्द वेदीपाशी ऐकू येतो. लॅटिन मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) प्याल्यावरील शब्दांत ‘नोवी एत एतेर्नी तेस्तामेन्ती’, म्हणजे ‘नव्या आणि सनातन कराराचे’ असे म्हटले आहे. तेथे काही नव्याने ठरत नाही. एकदाच झालेल्या अर्पणात आपण सामील होतो. जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापलेल्या, जुन्या व नव्या कराराची कथा सांगणाऱ्या आपल्या मराठी ग्रंथाचे दोन भाग ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’ असे केले. पुराण चालले, तर करार का चालणार नाही?

रेवदंडा: आमच्या बेने इस्राएल (कोकणातील यहुदी) घरात आठव्या दिवशी मुलाची सुंता होते तिला ‘ब्रित मिला’ म्हणतात, त्यातले ‘ब्रित’ हेच तुमच्या कराराचे मूळ. माझी हरकत ‘करार’ला नाही, ‘जुना करार’ या नावातल्या ‘जुना’ला आहे. आमचा तनाख, म्हणजे तुम्ही ज्याला जुना करार म्हणता ते आमचे शास्त्र, आम्हांला जुना नाही. यिर्मयाचे वचनही इस्राएल व यहूदा यांच्या घराण्यांना दिलेले आहे, हे येथे कोणीच बोलले नाही.

नगरकर: इब्री पत्राच्या आठव्या अध्यायात पहिला करार जीर्ण झाला असे स्पष्ट म्हटले आहे, ते मी वाचून दाखवू नये काय?

वसईकर: वाचावे, आणि देव आपली दाने व पाचारण परत घेत नाही, हे रोमकरांस पत्राचे अकराव्या अध्यायातील वाक्यही वाचावे. व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये यहुद्यांविषयी जे निवेदन केले, ते त्याच वाक्याच्या आधाराने.

शुद्धमती: ‘प्राचीन करार’ म्हणता येईल. ‘जुना’मध्ये टाकाऊपणा येतो.

मालवणी माणूस: कोठे येतो? जुना तांदूळ नव्यापेक्षा महाग मिळतो.

रेवदंडा: तांदळाचे ठीक आहे, पण नवा आला म्हणून जुना कोणी रद्द करत नाही. ‘प्राचीन’ म्हटल्याने आमचे जिवंत शास्त्र संग्रहालयात जाते, ते तर त्याहून नको.