‘अरिष्ट’, ‘हुकूमशाही’, ‘वंशसंहार’ : एका वाक्यातील शब्दांविषयी

मूळ प्रश्न

इतिहासविषयक एका छोट्या पुस्तिकेचे मुद्रितशोधन सध्या माझ्याकडे आहे. दोन महायुद्धांमधल्या जर्मनीवरील प्रकरणाच्या आरंभीच पुढील वाक्य आले आहे : ‘आर्थिक अरिष्टामुळे हुकूमशाही आली, हुकूमशाहीमुळे महायुद्ध झाले आणि महायुद्धात लाखो ज्यूंचा बळी गेला.’ व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात चूक दाखवता येत नाही, तरीही वाचताना जवळजवळ प्रत्येक शब्दापाशी मी अडखळतो. ‘अरिष्ट’ ठेवावे, की ‘संकट’ करावे, की सरळ ‘मंदी’ म्हणावे? शिवाय ‘जेनोसाइड’ या संज्ञेसाठी याच पुस्तिकेत वेगवेगळ्या पानांवर ‘वंशसंहार’, ‘वंशविच्छेद’, ‘नरसंहार’ आणि ‘शिरकाण’ असे चार शब्द आले आहेत. लेखकांना त्यांपैकी एक सुचवायचा आहे. जाणकारांनी आपली मते सकारण मांडावीत, ही विनंती.

प्रतिसाद १

आपण ‘अरिष्ट’पासून सुरुवात केली ते बरे केले, कारण हा शब्द दिसतो त्यापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे. ‘रिष्’ म्हणजे इजा होणे. तेव्हा ‘अरिष्ट’ म्हणजे मुळात इजा न झालेले, सुखरूप. संस्कृतात त्याचे शुभ आणि अशुभ असे दोन्ही अर्थ नांदतात, मराठीत मात्र अशुभ तेवढे उरले. (वैद्यांच्या काढ्यांमधले दशमूलारिष्ट अर्थातच वेगळे, ते पिऊन कोणावर अरिष्ट आल्याचे ऐकिवात नाही.) आयुर्वेदात ‘अरिष्ट’ ही मृत्यूची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांचीही संज्ञा आहे, म्हणजे ती दिसली की रोगी वाचत नाही असे मानले जाते. अर्थशास्त्रीय लेखनात, विशेषतः डाव्या विचारांच्या मराठी लेखनात, ‘भांडवलशाहीचे अरिष्ट’ हा प्रयोग रूढ झाला, तेव्हा अटळपणाची हीच छटा त्यात मुरलेली होती, असे मला वाटते. माझा आक्षेप नेमका तिला आहे.

दुसरे असे की ‘आर्थिक अरिष्ट’ किंवा ‘आर्थिक संकट’ म्हटल्यावर दोन अगदी विरुद्ध गोष्टी एकाच शब्दाखाली झाकल्या जातात. जर्मनीने १९२३ मध्ये भोगली ती अतिचलनवाढ; त्या वर्षाच्या नोव्हेंबरात एका अमेरिकी डॉलरसाठी सुमारे ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, आणि टोपलीभर नोटा घेऊन पाव आणायला निघालेल्या माणसाचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. १९३० नंतर आली ती मंदी. तिच्यात भाव वाढले नाहीत, उलट कोसळले, आणि १९३२ च्या आरंभी नोंदणीकृत बेकारांची संख्या ६० लाखांवर गेली. आपल्याकडील लेखनात ‘महागाईमुळे हिटलर आला’ असे विधान सर्रास आढळते. परंतु महागाईच्या ऐन कळसाला, म्हणजे ८ आणि ९ नोव्हेंबर १९२३ रोजी, म्युनिकमध्ये हिटलरने केलेला उठाव फसला, आणि चलन स्थिरावल्यानंतर झालेल्या १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला अवघी २.६ टक्के मते आणि १२ जागा मिळाल्या. सप्टेंबर १९३० मध्ये १०७ आणि जुलै १९३२ मध्ये २३० जागा मिळाल्या, त्या मंदीच्या वर्षांत. महागाईने मध्यमवर्गाची बचत धुऊन नेली आणि प्रजासत्ताकावरील त्याचा विश्वास खचवला, हे खरे. तथापि मतपेटीत उतरली ती मंदी. त्यामुळे ‘मंदी’ किंवा ‘महामंदी’ हाच शब्द मी सुचवीन. तो बाजारातून आला आहे, त्याच्यासमोर ‘तेजी’ उभी असते, आणि तेजी-मंदी माणसांच्या निर्णयांनी वाढते अथवा ओसरते, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

प्रतिसाद २

वरील विवेचनाला पुढे नेऊन ‘हुकूमशाही’विषयी लिहितो. ‘डिक्टेटर’ या लॅटिन मूळ शब्दाचा संबंध सांगून लिहवून घेण्याशी आहे; आपण त्यासाठी अरबी ‘हुकूम’ घेतला आणि त्याला फारसी ‘शाही’ जोडली. ही ‘शाही’ आपल्याकडे आदिलशाही, निजामशाही अशा राजघराण्यांबरोबर आली, त्यामुळे ‘हुकूमशाही’ म्हटले की कोणीतरी तलवारीच्या बळावर गादी बळकावली, असे चित्र मनात उभे राहते. (त्याच ‘शाही’ने ‘लोकशाही’ही घडवावी, ही गंमत कोणाच्या फारशी लक्षात येत नाही.) जर्मनीत मात्र गादी बळकावली गेली नाही. प्रथम हुकूम आले, शहा नंतर आला.

येथे मराठीतला दुसरा शब्द अधिक उपयोगी पडतो, तो म्हणजे ‘वटहुकूम’. मार्च १९३० मध्ये बेकारविम्याच्या वर्गणीवरून आघाडीचे मंत्रिमंडळ कोसळले आणि ब्रूनिंग चॅन्सेलर, म्हणजे सरकारचे प्रमुख, झाले. संसदेत बहुमत नसल्यामुळे त्यांनी राज्यघटनेच्या ४८ व्या अनुच्छेदाचा आधार घेऊन अध्यक्ष हिंडेनबर्ग यांच्या सहीच्या वटहुकमांवर कारभार चालवला. पगारकपात आणि करवाढही त्याच मार्गाने आली, आणि त्यांनी मंदी अधिकच खोल केली. १९३२ या संपूर्ण वर्षात जर्मन संसदेने केवळ ५ कायदे संमत केले, तर वटहुकूम साठच्या घरात निघाले. म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या आधी जवळजवळ तीन वर्षे देशाला वटहुकमांची सवय झाली होती. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरची चॅन्सेलरपदी नियुक्ती झाली, २७ फेब्रुवारीच्या रात्री संसदभवनाला आग लागली, आणि दुसऱ्याच दिवशी निघालेल्या वटहुकमाने भाषणाचे, सभेचे आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य स्थगित केले. २३ मार्चच्या अधिकारदान कायद्याने मंत्रिमंडळाला संसदेविना कायदे करण्याची मुभा दिली. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहात येऊच दिले नव्हते; विरोधात मत दिले ते सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या ९४ सदस्यांनी. त्या कायद्याच्या अधिकृत नावाचा अर्थ ‘जनतेची आणि राष्ट्राची विपत्ती दूर करण्यासाठीचा कायदा’ असा होतो. आपल्या पुस्तिकेच्या लेखकांचे ‘अरिष्ट’ त्या नावात अगदी शिरोभागी बसलेले आहे, याची नोंद घ्यावी.

आता ‘अरिष्टामुळे हुकूमशाही आली’ यातील ‘आली’ पाहा. पाऊस येतो, पूर येतो, साथ येते. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा २३० वरून १९६ वर घसरल्या होत्या. ओहोटी लागली होती. त्यानंतरही हिटलर चॅन्सेलर झाला, कारण पापेन आणि त्यांच्यासारख्या सनातनी राजकारण्यांनी, ‘त्याला आपण आवरून धरू’ या भ्रमात, वृद्ध अध्यक्षांचे मन वळवले. हुकूमशाही आली नाही, ती आणली गेली, आणि आणणाऱ्यांची नावे उपलब्ध आहेत.

प्रतिसाद ३

‘मुळे’ या प्रत्ययाबद्दल थोडे. अमेरिकेतही १९३३ मध्ये सुमारे चतुर्थांश कामकरी बेकार होते, पण तेथे निवडणुकीने रूझवेल्ट आले. म्हणून पहिला ‘मुळे’ लंगडा आहे.

दुसरा ‘मुळे’ तर आम्हा गोवेकरांना मुळीच पटण्यासारखा नाही. पोर्तुगालमध्ये १९२६ च्या लष्करी बंडानंतर हुकूमशाही होती. सरकारी तिजोरीची दुर्दशा निस्तरण्यासाठी १९२८ मध्ये सालाझार यांना अर्थमंत्री केले गेले आणि १९३२ मध्ये ते पंतप्रधान झाले. आर्थिक संकट आणि हुकूमशाही यांची साखळी तेथे अगदी पाठ्यपुस्तकी आहे. तरीही पोर्तुगाल महायुद्धात तटस्थ राहिला, इतका की १९३९ पासून जर्मन जहाजे मुरगावच्या बंदरात आसऱ्याला उभी होती. ती हुकूमशाही गोव्यावर १९६१ पर्यंत टिकली, पण तिने कोणतेही जागतिक युद्ध सुरू केले नाही. जर्मनीच्या हुकूमशाहीपाशी आणखी काही होते : पूर्वेकडील भूमी बळकावून तेथे जर्मनांना वसवण्याचा, म्हणजे ‘जीवनावकाश’ मिळवण्याचा कार्यक्रम. १९३६ च्या चार वर्षांच्या योजनेत ज्याला स्वयंपूर्णता म्हटले गेले, ती याच युद्धाची तयारी होती. शस्त्रनिर्मितीने बेकारी हटली, परंतु कच्चा माल आणि परकीय चलन अपुरे पडू लागले, आणि ती तूट भरून काढण्याचा मार्ग म्हणून दुसऱ्यांची भूमी पुढे आली. तेव्हा ‘हुकूमशाहीमुळे’ न म्हणता ‘नाझी राजवटीने युद्ध पुकारले’ असे म्हणावे. ‘महायुद्ध’ शब्दाबाबत वाद नसावा. ‘विश्वयुद्ध’ हे हिंदीच्या वळणाचे आहे.

प्रतिसाद ४

मुख्य प्रश्न ‘जेनोसाइड’चा आहे आणि त्याला कोणी हात घातलेला नाही, म्हणून विस्ताराने लिहितो.

हा शब्द राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने घडवला आणि १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रीक ‘जेनोस’, म्हणजे कुळ, जमात, वंश, आणि हत्या या अर्थाचा लॅटिन उत्तरार्ध. त्यापूर्वी, ऑगस्ट १९४१ मध्ये, चर्चिल यांनी नभोवाणीवरील भाषणात ‘नाव नसलेला गुन्हा’ असे शब्द वापरले होते. नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्ग येथील खटल्याच्या १९४५ च्या आरोपपत्रात लेमकिनचा शब्द आला, १९४६ च्या निकालपत्रात मात्र आला नाही; आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या करारात त्याची कायदेशीर व्याख्या झाली. भारताने तो करार १९५९ मध्ये अनुसमर्थित केला.

त्या व्याख्येत पाच कृत्ये मोजली आहेत, आणि त्यांपैकी फक्त पहिले ठार मारण्याचे आहे. उरलेली चार अशी : गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणे, समूह नष्ट व्हावा अशी जीवनपरिस्थिती लादणे, त्यात मुले जन्मू न देणे आणि त्यातील मुले बळाने दुसऱ्या समूहाकडे सोपवणे. कळीची अट आहे ती हेतूची, समूहाला समूह म्हणून पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूची. यावरून पाहता ‘संहार’ हा शब्द अपुरा पडतो आणि ‘विच्छेद’ व्याख्येच्या अधिक जवळ जातो, कारण जन्म रोखणे आणि मुले हिरावणे हा संहार नसला तरी वंशाचा धागा तोडणे निश्चितच आहे. आपल्या जुन्या शिव्याशापांतला ‘निर्वंश’ तर त्याहून नेमका आहे; ‘तुझा निर्वंश होवो’ म्हणणाऱ्या बाईला माणूस मरण्यापेक्षा मागे कोणी न उरणे अधिक भयंकर, हे पुरते ठाऊक होते. परंतु शापाचा शब्द कायद्यात कोणी स्वीकारणार नाही.

‘वंश’ या पूर्वपदाबद्दल काहीजण आक्षेप घेतात की त्याचा अर्थ घराणे की मानववंश, हे मराठीत स्पष्ट होत नाही. ‘वंशाचा दिवा’ आणि ‘वंशवाद’ यांतला ‘वंश’ एक नव्हे. आक्षेप रास्त आहे. करारातील ‘एथ्निकल’ आणि ‘रेशियल’ या दोन स्वतंत्र विशेषणांना आपल्याकडे एकटे ‘वांशिक’च पुरवावे लागते, ही खरीच अडचण आहे. पण नाझींच्या बाबतीत ही संदिग्धता विलक्षण रीतीने खरी ठरते. सप्टेंबर १९३५ च्या ज्यूविरोधी न्यूरेंबर्ग कायद्यांना नोव्हेंबरात जी पुरवणी जोडली, तिच्यानुसार ज्याचे चारपैकी तीन आजीआजोबा ज्यू तो ज्यू. आणि आजीआजोबा ज्यू होते की नाही, हे ठरवायचे ते त्यांच्या धर्मसंस्थेच्या नोंदींवरून. रक्ताचे शास्त्र म्हणून ज्याचा गाजावाजा केला, ते प्रत्यक्षात कारकुनाने तपासलेली वंशावळ निघाले. मानववंश, घराणे आणि धर्म या तिन्हींचा नाझींनी जो गोंधळ घातला, तो आपला ‘वंश’ शब्द नकळत जसाच्या तसा दाखवतो.

‘नरसंहार’ हा संख्येचा शब्द आहे. कोणाला आणि का मारले, हे तो सांगत नाही. २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ रोजी कीव्हजवळच्या बाबी यार या घळीत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या, हा आकडा मारेकऱ्यांच्याच अहवालातला आहे. ती दोन दिवसांची घटना म्हणजे नरसंहार किंवा हत्याकांड; ती ज्या योजनेचा भाग होती, ती योजना म्हणजे वंशसंहार. ‘शिरकाण’ वगळावे. त्या शब्दात शिर आणि तलवार ऐकू येते, लढाईची धुमश्चक्री ऐकू येते. ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत रेल्वेचे डबे वेळापत्रकाप्रमाणे पोहोचत होते. माझे मत ‘वंशविच्छेद’कडे झुकते, पण ‘वंशसंहार’ आता वृत्तपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांत स्थिरावला आहे, म्हणून तोच ठेवावा आणि पहिल्या वापरापाशी व्याख्या द्यावी.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. ‘वंशसंहार’ हा शब्द मी लेखकांना सुचवीत आहे. आता शेवटच्या उपवाक्यातील ‘बळी गेला’ मला अधिक टोचू लागले आहे. ‘होलोकॉस्ट’ या शब्दावर अनेक ज्यूंचा आक्षेप असा की त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ संपूर्ण जाळून अर्पण केलेला पशू असा आहे, आणि या हत्यांमध्ये कोणी कोणाला काही अर्पण केले नव्हते. म्हणून ते महाविपत्ती या अर्थाचा ‘शोआ’ हा हिब्रू शब्द पसंत करतात. आपला ‘बळी’ नेमका त्याच खड्ड्यात पडतो, आणि ‘आहुती’ त्याहून खोल. शिवाय ‘बळी जाणे’ अकर्मक आहे; घेणारा कोण, हे वाक्यात येतच नाही. ‘महायुद्धात’ या सप्तमीमुळे तर ते मृत्यू बॉम्बहल्ल्यात सापडलेल्या नागरिकांसारखे वाटतात. युद्धाने संधी आणि आडोसा दिला, पण ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा एप्रिल १९३३ चा आहे, आणि ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली ती नोव्हेंबर १९३८ मध्ये, म्हणजे युद्धाच्या आधी.

सुधारित मसुदा असा केला आहे : ‘महामंदीच्या काळात वटहुकमांची सवय झालेल्या जर्मनीत सनातनी राजकारण्यांनी हिटलरच्या हाती सत्ता दिली, त्याच्या राजवटीने १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर आक्रमण करून महायुद्ध पेटवले आणि त्या युद्धाच्या आडोशाने ज्यूंचा वंशसंहार केला, त्यात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले.’

प्रतिसाद ५

मसुदा चांगला आहे. एकच सूचना : ‘मारले गेले’मध्ये कर्ता पुन्हा निसटला. जानेवारी १९४२ मध्ये बर्लिनमधील वान्झे येथील बैठकीला जमलेल्या १५ नाझी अधिकाऱ्यांच्या इतिवृत्तातही कोणी कोणाला मारत नाही. ज्यूंचे ‘पूर्वेकडे स्थलांतर’ होते आणि प्रश्नाचा ‘अंतिम उपाय’ केला जातो. अन्य कागदपत्रांत ‘विशेष वागणूक’ दिली जाते. आपल्या वाक्यात ‘सुमारे ६० लाख ज्यूंना ठार मारले’ असे करावे. कर्ता आधीच्या उपवाक्यातून आपोआप लागतो.