शब्दचर्चा : ‘अभिसरण’ की ‘विनिमय’?

प्रश्न (नागपूर): नदीमुखाच्या संगणकीय प्रतिमानावर मराठीत टिपण लिहिते आहे. नदीमुख आणि किनाऱ्यालगतचा समुद्र यांच्यात पाण्याची ये-जा होते, तिला ‘अभिसरण’ म्हणू का? आणि ‘नदीमुख’च लिहू की ‘खाडी’?

उत्तर: ताई, वरून गोडं पाणी बाहेर, तळाने खारं आत, हे चक्र म्हणजे अभिसरण. मुखाशी उभा छेद घेऊन दोन्हीकडचं पाणी मोजलं की तो विनिमय. डॅनिश शास्त्रज्ञ मार्टिन क्नुडसेन यांचं १९०० सालचं सूत्र हेच मोजतं. नदीचा विसर्ग सेकंदाला १०० घनमीटर, आत येणाऱ्या पाण्याची क्षारता (किलोभर पाण्यातलं मीठ, ग्रॅममध्ये) ३५, बाहेर जाणाऱ्याची २८ धरा. आत मीठ साठत नसेल तर बाहेर ५०० जातात, आत ४०० येतात. नदीच्या चौपट समुद्र!

‘खाडी’ टाळा, तो शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. वसईच्या खाडीला उल्हास नदी मिळते, पण ठाण्याच्या खाडीत पावसाळा सोडला तर गोडं पाणी थोडंच.

दुसरं उत्तर: विनिमय भरती-ओहोटी गाळूनच काढायचा. २४ तासांची सरासरी नको. मुख्य भरतीचं आवर्तन १२ तास २५ मिनिटांचं, म्हणून किमान २४ तास ५० मिनिटं घ्या. नाहीतर उरलेली भरतीच निव्वळ प्रवाह म्हणून दिसते. भांगाला (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) घुसळण कमी, थर वेगळे राहतात, उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) मिसळतात. त्यामुळे क्षारता स्थिरावल्यावर प्रतिमान निदान १५ दिवस, म्हणजे भांग-उधाणाची एक पाळी, चालवा.

प्रश्नकर्ती: ‘भांग’ वाचून इकडे लोकांना होळी आठवेल! बरं, प्रतिमानाच्या समुद्राकडच्या कडेला ‘खुली सीमा’ चालेल ना? ती मुखावरच ठेवली आहे.

उत्तर: शब्द चालेल, जागा नाही. ओहोटीला बाहेर पडलेलं मचूळ पाणी पुढच्या भरतीला बरंचसं परत येतं. सीमा मुखावर असली की प्रतिमान त्याऐवजी ३५ चं कोरं पाणी ओढतं आणि आतली क्षारता फुगते. गोड्या पाण्याचा पट्टा मावेल इतकी प्रतिमानाची जाळी (गणनेचे चौकोन) समुद्रात न्या.

तिसरं उत्तर: उदाहरण गोदावरीचं घ्या, नाग नदीचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता करत तिलाच मिळतं. नदीकडची सीमा गोदावरीवरच्या, आंध्रातल्या ढवळेश्वरम बंधाऱ्याशी ठेवा आणि तिथून सोडलेला विसर्गच द्या, वरच्या पात्रातला नको. उन्हाळ्यात तो नगण्य असतो. तेव्हा दोन्ही क्षारता जवळपास सारख्या, क्नुडसेन यांच्या सूत्रातला भाजक, म्हणजे या दोन क्षारतांमधला फरक, शून्याशी येतो आणि मोजमापातल्या बारीक चुकीनेही उत्तर कुठल्या कुठे जातं. मीठ आत नेते ती भरतीची घुसळण. तिथे ‘विनिमय’ऐवजी ‘भरतीजन्य विसरण’ लिहा.