अण्णांवर ओरडले. करुणा आटते का?

मिरजवाली
सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं त्याला चौदा महिने झाले. डावी बाजू गेली, बोलणंही गेलं. रात्री नवरा असतो, पण त्याची झोप कुंभकर्णाची, त्यामुळे सगळं माझ्यावरच. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात वाचनाला जायचे तेव्हा करुणेवर काही आलं की डोळे भरायचे. परवा पहाटे चारला तिसऱ्यांदा चादर बदलली आणि तोंडातून निघून गेलं, "आता बास की हो अण्णा!" त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. उजव्या हाताने चादरीची कड नुसती चिवडत राहिले. सुरुवातीला त्यांच्याकडे बघून रोज रडायचे, आता रडूच येत नाही. करुणा आटली, का माझ्यात नव्हतीच? (गोळ्याही थुंकतात. तेही सांगून ठेवते.)

कऱ्हाडकर
ताई, रडणं म्हणजे करुणा हे कुणी सांगितलं? जुने बौद्ध आचार्य बुद्धघोष, त्यांनी विशुद्धिमग्ग या ग्रंथात करुणेचे दोन वैरी सांगितलेत. लांबचा क्रूरपणा, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शोक. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून माणूस फसतो. रडू थांबलं तर एक वैरी कमी झाला म्हणा.

महावग्गातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, गोष्ट वाचलीय का? एक भिक्खू हगवणीने आजारी, आपल्याच मलमूत्रात पडलेला. बाकीचे बघेनात, कारण त्याचा कुणाला उपयोग नव्हता. बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला पाणी आणायला सांगितलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने धुतलं. मग एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून उचलून खाटेवर ठेवलं. ज्याला माझी सेवा करायचीय त्याने आजाऱ्याची करावी, हे बुद्ध म्हणाले ते त्यानंतर. पण उचलायला दोघं होते, हे आपण वाचताना विसरतो. तुमच्याकडचा आनंद घोरतोय. त्याला उठवा.

नाईट ड्यूटी
मी वॉर्डात काम करते, सांगलीत. त्याच प्रकरणात पुढे सेवा करायला अवघड आजारी कोण तेही दिलंय. औषध न घेणारा त्यात आहेच! पण अण्णांचा हट्टच असेल असं धरू नका. वारं गेलेल्याला गिळायला जड जातं. आडवं ठेवून पाणी पाजू नका, नीट बसवून द्या. घोट घेताना ठसका लागतो का, आवाज घोगरा होतो का बघा आणि डॉक्टरांना सांगा. गोळी कुटून द्यायची तर आधी विचारा, सगळ्या कुटायच्या नसतात. आणि दर दोन तासांनी कूस बदला, पाठ फुटली की हाल होतात.

मिरजवाली
ठसका लागतो. मी मेली समजत होते, मुद्दाम करतात. उद्या डॉक्टरांना फोन करते.

काल रात्री नवऱ्याला हलवून उठवलं. त्याने खांद्याला धरलं, मी पाठीला दोन उशा लावल्या. अण्णांनी एक गोळी घेतली. दुसरी सकाळी उशीखाली सापडली.