तळमजल्याचा फ्लॅट विकताना पाणी कुठवर आलं होतं ते सांगायचं का?

माईघाट
सांगलीत गावभागात आमचा तळमजल्याचा फ्लॅट विकायला काढलाय. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, बिल्डिंग जुनी पण धडधाकट. २००५ च्या पुरात घरात पोटरीएवढं पाणी होतं, २०२१ ला मांडीपर्यंत, आणि २०१९ ला कृष्णेची पातळी आयर्विन पुलाला (पुराचे फूट तिथंच मोजतात) ५७ फुटांच्या पुढं गेली तेव्हा पार खांद्याला. स्वयंपाकघराच्या चौकटीवरची ती रेघ मी मुद्दाम पुसलेली नाही.

एजंट म्हणतो, चौकट बदला, रंग मारा, आणि गिऱ्हाइकानं विषय काढलाच तर "सांगलीत सगळीकडंच येतं की" म्हणून सोडून द्या. धाकटा भाऊ त्याच्याच बाजूचा. बघायला येणारं जोडपं दुष्काळी जतचं आहे, दोघंही शिक्षक. टँकरच्या रांगेत वाढलेल्या माणसांना आयर्विनचे फूट काय कळणार? मी ठरवलंय की नुसतं 'पूर येतो' म्हणायचं नाही, कुठवर आलं ते दाखवायचं. चुकतोय का?

रोखठोक
चुकताय. सांगलीत पूर येतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. २०१९ ला टीव्हीवर दुसरं काही दिसत नव्हतं. मंडईत वांगं घेताना माणूस उलटं करून देठ बघतो आणि घर घेताना शेजारची चार दारं वाजवणार नाही? विचारलं तर खोटं बोलू नका, एवढं पुरे. न विचारता सांगत बसलात तर भाऊ खुळा म्हणणारच.

काळाकोट
मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५ वाचा. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानं सांगायचा असतो. शहराला पूर येतो ही उघड गोष्ट, इथवर रोखठोक यांचं बरोबर. कोर्टात विकणाराही हेच म्हणेल. पण या घरात पाणी किती चढलं त्याची खूणच चौकटीसकट काढून टाकली, तर घेणाऱ्यानं काय बघायचं? गप्प बसणं एक आणि झाकणं एक. एजंट तुम्हाला झाकण्याकडं ढकलतोय. रेराचं नाव कुणी काढू नका, तो नव्या प्रकल्पांसाठी. तुमचा जुना फ्लॅट त्यात बसत नाही.

गल्ली_नंबर_दोन
सगळेच साधू झालेत इथं! आमचं घर त्याच गल्लीत आहे. यांनी खांद्याएवढं पाणी लिहून दिलं की उद्या एजंट आम्हालाही तोच भाव सांगणार. आणि स्वस्तात विकलं म्हणून स्टॅम्प ड्युटी कमी होत नाही. व्यवहाराची किंमत आणि रेडी रेकनर (सरकारनं ठरवलेला दर) यात जे जास्त, त्यावर ती लागते. फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर आयकरवाले तुमचा भांडवली नफा रेकनरच्या किमतीवर काढतात. म्हणजे खरं बोलायचं, पैसे कमी घ्यायचे आणि न मिळालेल्या पैशांवर कर भरायचा. रेकनर ठरवणारा माणूस आमच्या गल्लीत होडीतून कधी आला नसावा.

शामरावनगरवाला
गावभागात निदान कोयनेतून पाणी सोडलं की कळतं, सामान वर न्यायला वेळ मिळतो. आमच्या शामरावनगरात काळी माती, गुंठेवारीचे प्लॉट, पाण्याला जायला वाट नाही. नदी पात्रात असतानाही जुलैत दारात तळं. मला विकताना सांगितलं होतं, 'नदीपासून लांब आहे.' शब्दाला शब्द खरं! मग मुरूम टाकून अंगण दोन फूट वर घेतलं, आता तेच पाणी शेजाऱ्याच्या पडवीत जातं आणि आमचं बोलणं बंद आहे. विकणाऱ्यानं एक वाक्य जास्त बोललं असतं तर जोतंच उंच घेतलं असतं.

रोखठोक
म्हणजे चौकशी तुम्हीच केली नाही.

शामरावनगरवाला
केली हो. फेब्रुवारीत केली, एवढंच.

पहिला_मजला
आम्ही २०२० ला घेतला, तो सांगून विकलेला. मालकीण आजींनी सगळं पाठ करून घेतलं होतं. आयर्विनला ५० झाले की गाड्या काढा, ५३ ला मीटरच्या खोलीत पाणी शिरतं, त्याआधी भरून घ्यायचं ते भरून घ्या. पुढच्याच वर्षी उपयोगी पडलं. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५, हे पेपरात येतं. आपल्या जिन्याच्या पहिल्या पायरीला पाणी कधी लागतं ते तिथं राहून गेलेलं माणूसच सांगणार.

जतच्या मॅडमना म्हणावं, पंपाची मोटर आणि मीटर किती उंचीवर आहेत ते बघा, ओट्याखालची कपाटं कडाप्प्याची की प्लायची ते बघा (प्लाय फुगतो, टाकूनच द्यावा लागतो). जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं होतं का तेही विचारा. आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन जागा निळ्या पूररेषेच्या (नदीजवळची) आत आहे की निळ्या आणि लाल (तिच्या बाहेरची) रेषेच्या मधे, ते काढाच. बिल्डिंग उद्या पाडून बांधायची म्हटली तर सगळं तिथंच अडतं.

गल्ली_नंबर_दोन
ताई, वर राहून आजींचं कौतुक सोपं आहे. तळमजला असता तर घेतला असता का?

पहिला_मजला
नसता घेतला.

गल्ली_नंबर_दोन
बघा!

पंचनामा
माईघाट दादा, एक विचारू? २०१९ ला शहरात पूरग्रस्तांना १५,००० रुपये मिळाले. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा ही रेघ तुम्ही आणि भावानंच दाखवली असेल ना? सरकारला दाखवताना पाणी खांद्याएवढं आणि मास्तरला दाखवताना कोरडं ठणठणीत, असं कसं चालेल?

रोखठोक
मग पंचनामा सरकारी दप्तरात आहेच की. मास्तरनं अर्ज करून काढावा. सोय झाली.

काळाकोट
साठेखतात एक परिच्छेद घाला. कोणत्या साली, फरशीपासून किती फूट, आणि हे घेणाऱ्याला दाखवलं, खाली त्याची सही. पुन्हा ५७ आलं तर त्या परिच्छेदाचा आधार घेणाऱ्याआधी तुम्हाला आहे. गल्लीवाले, रेकनरचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्याला वाट आहे. बाजारभाव रेकनरपेक्षा कमी आहे म्हणून प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडं पाठवा, अशी मागणी आयकराच्या वेळी करता येते. पंचनाम्याची प्रत तिथं कामाला येईल. खेटे पडतात, ते खोटं कशाला सांगू.

माईघाट
रविवारी आले होते दोघं. रेघ दाखवली. मॅडमनी पर्समधून टेप काढून मोजली, चार फूट दहा इंच. मी म्हटलं, २०२१ ला याच्या निम्मंच होतं, तर त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. सर काही बोलले नाहीत. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला, जरा वेळ तसाच वाहू दिला आणि विचारलं, "हे रोज येतं?" म्हटलं, रोज.

चहा घेऊन गेले. अजून फोन नाही. भाऊ बोलायचा बंद झालाय.

रोखठोक
येणारही नाही. रंगाचे पैसे वाचले म्हणा.

गल्ली_नंबर_दोन
किंमत किती सांगितली तेवढं मात्र इथं लिहू नका.