दुपारच्या उन्हात एसीचा कॉम्प्रेसर सुटतो. गॅस पूर्ण असूनही

तापीकाठ (भुसावळ):
नमस्कार. माझी पेट्रोल हॅचबॅक गाडी आठ वर्षांची असून तिचा एसी साध्या फिरत्या बटणांचा आहे. सकाळी थंडावा उत्तम मिळतो; परंतु दुपारी जळगावला जाताना नशिराबादच्या आसपास गार हवा येणे थांबते आणि ब्लोअर तेवढा चालू राहतो. गाडी तासभर सावलीत ठेवली की एसी पूर्ववत होतो. गॅरेजमध्ये गॅस काढून, मोजून पुन्हा भरला. गळती आढळली नाही, तरी आता संपूर्ण कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला मिळत आहे. याशिवाय जानेवारीत हीटर वापरत असताना ब्लोअर १, २ आणि ३ वर चालेनासा झाला. केवळ ४ वर चालतो. दोन्ही दोषांचे मूळ एकच असेल का?

ऑटो वायरमन (धुळे):
भाऊ, हे दोन दोष बहुधा स्वतंत्र आहेत. ब्लोअरचे निदान सोपे आहे. पहिल्या तीन वेगांना मोटरचा करंट रेझिस्टरमधून (करंट कमी करणाऱ्या भागातून) जातो, चौथ्याला थेट मिळतो. म्हणून केवळ चौथा वेग उरला असेल तर रेझिस्टर किंवा त्यावरील थर्मल फ्यूज (जास्त तापल्यास तुटणारा) जळाला आहे असे समजावे. हा रेझिस्टर ब्लोअरच्याच वाऱ्याने थंड राहतो, त्यामुळे केबिन फिल्टर धुळीने गच्च झाला असल्यास नवा रेझिस्टरही जळतो. कपलरचे (वायरींच्या जोडणीचे) प्लास्टिक वितळले आहे का आणि मोटर हाताने मोकळी फिरते का, हे पाहिल्याशिवाय नवा बसवू नये.

कॉम्प्रेसरची तपासणी मात्र दोष प्रत्यक्ष हजर असतानाच करावी लागते. सकाळी गॅरेजमध्ये गाडी नेली तर तिथे सर्व काही ठीकच दिसणार. दुपारी एसी बंद पडताच गाडी सुरक्षित जागी घ्यावी, इंजिन व एसी चालू ठेवावा आणि कॉम्प्रेसरच्या क्लचच्या कपलरवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. हा गिअरचा क्लच नव्हे; यातील कॉइलला करंट मिळाला की ती चुंबक होऊन प्लेट फिरत्या पुलीकडे ओढते आणि कॉम्प्रेसर फिरतो. कपलर जोडलेलाच असू द्यावा. तो काढून मोजल्यास गंजलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते, कारण तिच्यातून करंटच वाहत नसतो. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावावी. पट्टा फिरत असतो व पंखा न सांगता सुरू होतो, तेव्हा ओढणी, उपरणे, सैल बाही दूर ठेवावी.

व्होल्टेज मिळत नसेल तर दोष क्लचच्या आधीच्या भागात आहे: फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), गॅसचा दाब मोजणारा प्रेशर सेन्सर किंवा इंजिनचा कंट्रोलर. व्होल्टेज असूनही क्लच ओढला जात नसेल तर क्लचची कॉइल, तिचे अर्थिंग किंवा प्लेट व पुलीमधला गॅप.

कपाशीवाला (चाळीसगाव):
मीटर लावण्यापूर्वी बॉनेट उघडून कंडेन्सरचा (एसीचा गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा पाहावा, असे माझे मत आहे. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू कंडेन्सरच्या जाळीत अडकतात. जाळी बुजली किंवा पंखा बंद राहिला की गॅसचा दाब वाढतो आणि सेन्सरमुळे कॉम्प्रेसर बंद केला जातो. थंड झाल्यावर दाब उतरून तो पुन्हा जोडला जातो. लक्षण हुबेहूब आपल्या गाडीसारखेच. काही जण सेन्सरच्या दोन वायर एकत्र जोडून पाहतात, ते मुळीच करू नये; जुन्या दोन वायरींच्या स्विचवर ते निभावते, पण तीन वायरींच्या सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा असतो व कंट्रोलरच बिघडू शकतो.

ऑटो वायरमन (धुळे):
मुद्दा योग्य आहे. तथापि पंख्याच्या दोषात एसी सहसा गाडी उभी असताना, सिग्नलला किंवा गर्दीत कमी पडतो, आणि वेग घेताच वाऱ्यामुळे सुधारतो. यांचा एसी चालत्या गाडीत, महामार्गावर सुटतो. म्हणून माझा संशय क्लचवर अधिक आहे.

तापीकाठ (भुसावळ):
काल दुपारी मोजले. पंखा चालू होता, जाळी स्वच्छ होती. एसी बंद पडल्यावर क्लचच्या कपलरवर १३.६ व्होल्ट मिळाले, पण समोरची प्लेट फिरत नव्हती. केवळ पुली फिरत होती.

ऑटो वायरमन (धुळे):
मग रिले, सेन्सर आणि गॅस या तिन्हींवरचा संशय मिटला. कारण असे आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. थंड असताना ३.६ ओहम असणारी कॉइल ८० अंशांनी तापली तर जवळपास ४.७ ओहम होते; करंट ३.८ वरून २.९ अँपिअरवर येतो आणि चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने ती चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी होते. प्लेट झिजून गॅप वाढलेला असेल तर सकाळी ती कशीबशी ओढली जाते, भर उन्हात नाही. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या भुसावळात हा दोष अधिक ठळक दिसावा, यात नवल नाही.

फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजून घ्यावा. बहुतेक क्लचमध्ये तो ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावा लागतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. गॅप जास्त निघाल्यास प्लेटमागची एक शिम (पातळ चकती) काढून तो कमी करता येतो, आणि त्यासाठी गॅस सोडावा लागत नाही.

चाचणी-दिवा (जळगाव):
शिम काढण्यापूर्वी इंजिन बंद करून कॉइलचा रेझिस्टन्स थंड व गरम अशा दोन्ही वेळी मोजावा, ही एकच पुस्ती. गरम असताना मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइलचा आतला तार किंवा थर्मल फ्यूज तुटतो आहे. तिथे शिमचा काही उपयोग नाही. प्लेटवर जळाल्याचे निळसर डाग असल्यास क्लचचा संच बदलावा. अनेक गाड्यांसाठी तो सुटा मिळतो, त्यामुळे संपूर्ण कॉम्प्रेसर घेण्याचे कारण मला तरी दिसत नाही. पुलीचे बेअरिंग त्याच वेळी हाताने फिरवून पाहावे. ते खरखरत असेल तर तेच उष्णता कॉइलपर्यंत पोहोचवत असते.