मदत हवी आहे: खासगी क्लाउडसाठी ६ रॅकचं डेटा सेंटर, आराखडा तपासून हवा

निळी_शाई

खरेदीची मागणी पुढे जाण्याआधी आराखडा जाणकारांच्या नजरेखालून जावा म्हणून धागा काढतोय.

आजची गरज ६०० व्हीएमची (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक), प्रत्येकी सरासरी ४ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि १६ जीबी मेमरी. डेटा १८० टीबी. तीन वर्षांत ८५० व्हीएमपर्यंत जाईल असा अंदाज आहे. काही कामं सार्वजनिक क्लाउडवरच राहतील, त्यामुळे दोन्हीकडे रोजची ये-जा असेल. ४० किमीवर दुसरी छोटी खोली आहे, ती आपत्कालीन वापरासाठी.

ठरवलंय ते असं: ६ रॅक. प्रत्येक रॅकमध्ये ६ कंप्यूट सर्व्हर (६४ कोअर, ५१२ जीबी, सेकंदाला २५ गिगाबिट म्हणजे २५ गिगचे २ पोर्ट) आणि २ स्टोरेज नोड (७.६८ टीबीचे १० एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी ड्राइव्ह, २५ गिगचे २ पोर्ट). स्टोरेज सेफवर (Ceph, अनेक नोडच्या डिस्क एकत्र करणारं सॉफ्टवेअर), डेटाच्या तीन प्रती. दर दोन रॅकमागे २ लीफ स्विच (सर्व्हर ज्यांना जोडतात ते; २५ गिगचे ४८, १०० गिगचे ८ पोर्ट), त्यांची एमएलॅग जोडी (सर्व्हरला दोन्ही मिळून एकच स्विच भासतात). वर २ स्पाइन, म्हणजे लीफना आपसात जोडणारे स्विच. वीज प्रत्येक रॅकला ए आणि बी अशा दोन सिंगल फेज ३२ अँपिअरच्या लाइन. पत्ते सगळीकडे १०.०.०.०/१६ या एकाच आयपी गठ्ठ्यातले (तिरक्या रेषेनंतरचा आकडा जितका लहान तितका गठ्ठा मोठा). तेच व्हीलॅन (आभासी स्थानिक नेटवर्क) दुसऱ्या खोलीपर्यंत ताणायचे, म्हणजे व्हीएम हलवताना आयपी बदलावा लागणार नाही. क्लाउडकडे साइट-टू-साइट व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कूटबद्ध बोगदा.

यात कुठे फसेन?

जाळेकरी

आधी क्षमता, कारण तिथे आराखडा अर्धा बरोबर आहे.

एक अख्खा रॅक गेला आणि त्याच वेळी एक सर्व्हर देखभालीसाठी बाहेर असला तर ३६ पैकी २९ सर्व्हर उरतात. यजमानासाठी (सर्व्हरच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरसाठी) ३२ जीबी सोडून प्रत्येकी ४८० धरले तर १३.९ टीबी मेमरी होते. ६०० व्हीएमना ९.६ लागतात, ८५० ना १३.६. म्हणजे तीन वर्षांपर्यंत जेमतेम पण पुरते. सीपीयूची चिंताच नको: २४०० व्हीसीपीयू आणि १८५६ कोअर, प्रमाण १.३ला १. मेमरी मात्र कधीही ओव्हरकमिट (आहे त्यापेक्षा जास्त वाटलेली) धरून मोजू नका.

फसाल ते स्टोरेजमध्ये. १२ नोड गुणिले ७६.८, म्हणजे कच्ची जागा ९२१ टीबी. तीन प्रती म्हणून भागिले तीन, ३०७ टीबी, असं वाटतं. पण एक रॅक गेल्यावर उरलेल्या १० नोडमध्ये सगळ्या प्रती पुन्हा मावल्या पाहिजेत, आणि सेफ ८५ टक्क्यांवर इशारा देतं, ९५ ला लिहिणं थांबवतं. ७६८ गुणिले ०.८५ भागिले ३, म्हणजे २१७ टीबी. हीच तुमची खरी जागा. व्हीएमच्या प्रमाणात डेटा वाढला तर तीन वर्षांनी २५५ टीबी लागतील. मेमरीच्या खूप आधी डिस्क संपेल. नोड वाढवण्यापेक्षा नोडमागे १४ ड्राइव्ह घ्या. त्याच हिशेबाने ३०४ टीबी मिळतात आणि नेटवर्कचे पोर्ट वाढत नाहीत.

दुसरं, स्टोरेज नोडला २५ गिग कमी आहे. एक एनव्हीएमई ड्राइव्ह वाचताना सेकंदाला ३ जीबी सहज देतो, म्हणजे २४ गिग. एकाच ड्राइव्हने पोर्ट भरला, मागचे तेरा बसून. शिवाय लिहिताना क्लायंटकडून आलेली १ जीबी प्राथमिक ओएसडीकडे (एक ड्राइव्ह सांभाळणारा सेफचा प्रोग्राम) येते आणि तिथून आणखी दोन नोडकडे जाते, त्यामुळे नेटवर्कवर एकूण ३ जीबी वाहते. स्टोरेजला १०० गिगचे २ पोर्ट द्या. कंप्यूटला २५ ठीक.

आणि एक सेटिंग आत्ताच लिहून ठेवा. पूर्ण रॅक बंद पडला तर सेफ आपोआप पुनर्बांधणी (गेलेल्या प्रती पुन्हा बनवणं) सुरू करत नाही. ही मर्यादा मुळात रॅकच्या पातळीवर ठेवलेली असते. ते योग्यच आहे, कारण बऱ्याचदा रॅक वीज आल्यावर परत येतो आणि उगाच ९० टीबी हलवायची गरज नसते. पण रात्री ड्यूटीवर असलेल्याला हे माहीत हवं, नाहीतर तो बरं होण्याची वाट बघत बसतो.

तांबडी_तार

विजेचा हिशेब बसत नाहीये.

कंप्यूट ६०० वॅट आणि स्टोरेज ८०० वॅट धरले तर रॅकला ५.२ किलोवॅट. ज्या रॅकमध्ये लीफ स्विच आहेत तिथे आणखी ०.८, म्हणजे ६. वर सुचवलेले जास्तीचे ड्राइव्ह धरले की ६.१. आता सिंगल फेज ३२ अँपिअर, २३० व्होल्ट म्हणजे ७.३६ केव्हीए (ढोबळमानाने किलोवॅट), आणि सतत भारासाठी त्याच्या ८० टक्के, ५.९. दोन्ही लाइन चालू असताना प्रत्येकीवर तीन किलोवॅटच दिसतील आणि सगळं आलबेल वाटेल. ए बंद पडली की सगळा भार बीवर जातो, सुरक्षित मर्यादा ओलांडली जाते, बीचा ब्रेकर काही वेळाने तापून पडू शकतो, आणि मग दोन लाइन असूनही रॅक अंधारात. दुहेरी विजेत वारंवार होणारी चूक हीच.

थ्री फेज १६ अँपिअर घ्या. ४०० व्होल्टला ११ केव्हीए, ८० टक्क्यांनी ८.८. फेजवर भार समान वाटलाय का ते पीडीयूवर (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीवर) बघत राहा. एकाच फेजला सगळे स्टोरेज नोड लागले तर पुन्हा तीच गत.

थंडावा: एकूण साधारण ३५ किलोवॅट, म्हणजे एसीच्या मापात १० टन. २० किलोवॅट सेन्सिबल (हवा गार करण्याच्या, बाष्प काढण्याच्या नव्हे) क्षमतेची ३ युनिट, कोणतीही २ पुरतील अशी. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश ही अॅश्रे या वातानुकूलन संस्थेची शिफारस. खोली १८ ला गोठवण्यात वीज जाते, बाकी काही मिळत नाही. पण टनापेक्षा हवेचा प्रवाह महत्त्वाचा. ११ अंशांचा फरक धरला तर किलोवॅटमागे ताशी २७० घनमीटर हवा लागते, ६ किलोवॅटच्या रॅकला १६०० च्या पुढे. रॅकमधल्या रिकाम्या यू जागांना (खणांना) ब्लँकिंग पॅनल, म्हणजे झाकणं, लावले नाहीत तर मागची गरम हवा पुढे फिरून येते, आणि वरचे सर्व्हर तापतात, खालचे गार राहतात.

सूक्ष्मतंतू

स्विच मागवताना पंख्याची दिशा लिहा. लीफ स्विचचे पोर्ट रॅकच्या मागच्या, म्हणजे गरम बाजूला येतात. तिथे पोर्टकडून हवा बाहेर टाकणारा प्रकार हवा. उलटा आला तर स्विच ४० अंशांची हवा ओढतो. पंखे आणि पॉवर सप्लाय दोन्ही एकाच दिशेचे पाहिजेत.

२५ गिगला ३ मीटरपर्यंत तांब्याची डॅक केबल चालते. लिंक वर येत नसेल तर आधी दोन्ही टोकांचं एफईसी (चुका दुरुस्त करण्याची पद्धत) सारखं आहे का बघा. केबल बदलत बसू नका. लीफ ते स्पाइन मात्र सिंगल मोड फायबर टाका. ओएम४ या मल्टी मोड फायबरवर १०० गिग एसआर४ (त्यावरचा ऑप्टिकल प्रकार) फक्त १०० मीटर जातं आणि त्याला ८ तंतू लागतात. ४०० गिगला जाताना ते बदलावं लागू शकतं. स्विच पाच वर्षांत बदलतो, केबल पंधरा वर्षं राहते.

निळी_शाई

मनापासून आभार. थ्री फेज, १४ ड्राइव्ह आणि पंख्याची दिशा मागणीत घातली. पण स्टोरेजला १०० गिग दिल्यावर लीफचे पोर्ट मोजले: दोन रॅकचे ४ स्टोरेज नोड म्हणजे ४ पोर्ट, स्पाइनकडे ४, झाले आठ. एमएलॅगच्या पीअर लिंकला (जोडीतल्या दोन स्विचमधल्या केबलला) काहीच उरत नाही. मोठा स्विच घेऊ का? आणि व्हीलॅन ताणण्याबद्दल कोणी बोललं नाही.

जाळेकरी

मोठा स्विच नको. पीअर लिंकच काढून टाका. व्हीएक्सलॅन-ईव्हीपीएन (राउटेड जाळ्यावर आभासी नेटवर्क चालवायची पद्धत) चालवणारच असाल तर त्यातच सर्व्हर दोन लीफना जोडायची सोय आहे, इथरनेट सेगमेंट पद्धतीची. जोडीला आपसात केबल लागत नाही. लीफच्या खाली सर्व्हरकडे ३०० अधिक ४०० म्हणजे ७०० गिग, वर स्पाइनकडे ४००, प्रमाण १.७५ला १, फार चांगलं. एक स्पाइन गेला तर ३.५ला १ होतं. तेवढं चालेल, पण ते चार दुवे ४ स्पाइनना एकेक दिलेत तर एक गेल्यावर २.३ च राहतं. पैसे असतील तर चार घ्या.

सूक्ष्मतंतू

इथे माझं मत वेगळं. इथरनेट सेगमेंट छान आहे, पण रात्री बिघाड शोधणाऱ्याला ईव्हीपीएनचे प्रकार १ आणि ४ चे मार्ग वाचता आले पाहिजेत. टीमला फक्त एमएलॅग येत असेल तर २५ गिगचे काही पोर्ट एकत्र करून पीअर लिंक करा. वापरात १२ च आहेत, ३६ रिकामे पडलेत. आठ पोर्टची जोडणी २०० गिग देते, आणि सगळे सर्व्हर दोन्हीकडे जोडलेले असताना त्यावरून फार थोडं जातं.

जाळेकरी

हे मान्य. ३६ पोर्ट माझ्या नजरेतून सुटले. आज जे हाताशी येतं ते निवडा. पोर्टची अडचण दोन्ही वाटांनी सुटते.

व्हीलॅन ताणू नका. ४० किमीचं अंतर अडचण नाही. प्रकाश तंतूत किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद घेतो, म्हणजे जाऊन-येऊन ०.४ मिलिसेकंद. अडचण ही की एका खोलीतला लूप किंवा ब्रॉडकास्टचा पूर दुसऱ्या खोलीतही पोचतो, आणि जी खोली आपत्तीसाठी ठेवली तीच बरोबर पडते. दोन खोल्यांमधला दुवा तुटला तर दोन्हीकडे एकाच आयपीचा गेटवे जिवंत, दोन्हीकडे लेखन चालू. मध्ये लेयर ३ (आयपी राउटिंग) ठेवा. व्हीएमचा आयपी बदलू दे, नावापुढचा आयपी डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेत) बदला, टीटीएल (जुनं उत्तर जपून ठेवायची मुदत) ६० सेकंद. कोरमचे (बहुमताने निर्णय घेणारे) मॉनिटर दोनच जागी ठेवायची वेळ आलीच तर तिसऱ्या स्वतंत्र जागी एक साक्षीदार हवाच.

दूरवाट

पत्त्यांचा आराखडा आज बदला, नंतर शक्य होत नाही. आत्ता १०.०.०.०/१६ एकच धरलाय, आणि क्लाउडवाल्या टीमने तोच घेतला की दोघांना जोडताच येणार नाही. मग नॅटवर नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल पुन्हा पुन्हा. मोठे गठ्ठे करा: मुख्य जागा १०.१६.०.०/१२, दुसरी खोली १०.३२.०.०/१२, क्लाउड १०.६४.०.०/१२. मधले रिकामे राहू द्या. १०.९६.०.०/१२ ला हात लावू नका, क्यूबअॅडम (कुबरनेटीज उभारायचं साधन) ते सर्व्हिससाठी मुळातच घेतं. १७२.१७.०.०/१६ डॉकरचं (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर). नकळत तीच रेंज एखाद्या ऑफिसला दिलीत तर त्या ऑफिसला फक्त डॉकर चालवणारे सर्व्हर दिसत नाहीत, बाकी सगळं दिसतं, आणि शोधण्यात दोन दिवस जातात.

गठ्ठ्यांचं दुसरं कारण: अॅमेझॉनच्या डायरेक्ट कनेक्टवर (समर्पित लाइनवर) खासगी जोडणीत तुमच्याकडून १०० पेक्षा जास्त प्रीफिक्स (पत्त्यांचे गठ्ठे) गेले की बीजीपी सेशनच (एकमेकांना मार्ग कळवणारा संवाद) खाली जातं. कोणीतरी /२४ सुटे जाहीर करतं आणि एका नव्या व्हीलॅनने सगळा क्लाउड तुटतो. एकच /१२ जाहीर करा.

व्हीपीएन पुरेल का? तिथे एका नेहमीच्या बोगद्याला साधारण १.२५ गिगची मर्यादा आहे. सगळा १८० टीबी एकदा हलवायचा झाला तर १ गिगवर पूर्ण वेगाने १६-१७ दिवस, प्रत्यक्षात तीन आठवड्यांच्या पुढे. १० गिगवर ७० टक्के वापर धरून ५७ तास. रोजची ये-जा असेल तर १० गिगच्या दोन स्वतंत्र लाइन, वेगळ्या रस्त्याने, वेगळ्या राउटरवर, प्रत्येकीवर निम्म्याहून कमी भार. व्हीपीएन तिसरी, राखीव. समर्पित लाइन म्हणजे कूटबद्ध लाइन नव्हे; मॅकसेक किंवा आयपीसेक वेगळं लावावं लागतं. बीएफडी (दुवा तुटल्याचं झटकन ओळखणारी तपासणी) ३०० मिलिसेकंद गुणिले ३ ठेवा. नुसत्या बीजीपीच्या भरवशावर ९० ते १८० सेकंद पॅकेट हवेत जातात.

दोन लाइन आल्या की जाणं एकीकडून, येणं दुसरीकडून होतं, आणि फायरवॉल अर्धं संभाषण पाहून ते तोडते. बीजीपीच्या सेटिंगमध्ये बाहेर जाताना लोकल प्रेफरन्स, आत येताना एएस पाथ लांबवणं, दोन्ही मिळून एकच मुख्य लाइन ठरवा.

निळी_शाई

पत्ते तुम्ही सांगितल्याप्रमाणे बदलले, व्हीलॅन ताणणं रद्द. शेवटची शंका एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराची, बाइटमध्ये. फॅब्रिकवर (लीफ-स्पाइनच्या जाळ्यावर) ९००० ठेवून क्लाउडकडे १५०० असं चालेल का? आणि चालू करण्याआधी काय तपासू?

दूरवाट

फॅब्रिकवर ९२१६ ठेवा, ९००० नको. व्हीएक्सलॅन प्रत्येक पॅकेटला ५० बाइट जोडतं, म्हणजे व्हीएमने ९००० पाठवले तर बाहेर ९०५० येतात. क्लाउडकडच्या तोंडावर १५००, आणि व्हीपीएनवर त्याहून कमी, तिथे टीसीपीचा एमएसएस (एका तुकड्यातला कमाल डेटा) कमी करून द्या. फायरवॉलवर आयसीएमपी प्रकार ३ कोड ४ (पॅकेट फार मोठं आहे हा निरोप) जाऊ द्या. तो अडवला की लक्षण ठरलेलं: लॉगिन होतं, छोटी उत्तरं येतात, मोठी फाइल किंवा लांब यादी मागितली की स्क्रीन गोठते.

चाचणी करताना डीएफ बिट (तुकडे करू नका ही खूण) लावून ८९७२ बाइटचा पिंग प्रत्येक व्हीएम ते प्रत्येक स्टोरेज नोड. २८ बाइटचे हेडर धरून ते ९००० होतात. एक पोर्ट जरी १५०० वर राहिला असेल तर इथेच सापडेल. सेफमध्ये अशा पोर्टमुळे छोटे निरोप पोचतात आणि मोठा डेटा अडकतो, म्हणून खरं कारण लवकर कळत नाही.

तांबडी_तार

माझ्याकडून वीज: पूर्ण भार देऊन ए लाइन मुख्य ब्रेकरवरून बंद करा आणि तासभर तशीच ठेवा. पाच मिनिटं पुरत नाहीत, ब्रेकर तापायला वेळ लागतो. मग बी. ज्या सर्व्हरचे दोन्ही प्लग चुकून एकाच लाइनला लागलेत ते याच वेळी उघडे पडतात.

जाळेकरी

व्यवस्थापनाचं नेटवर्क खऱ्या अर्थाने वेगळं करा: वेगळे स्विच, कन्सोल सर्व्हर, वेगळी इंटरनेट जोडणी, आणि लॉगिन मुख्य डीएनएसवर अवलंबून नको. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं अंतर्गत बॅकबोन तुटलं तेव्हा त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी स्वतःचेच बीजीपी मार्ग मागे घेतले, बाहेरून शिरायची वाटही बंद झाली, आणि माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. सुमारे सहा तास गेले. म्हणून चाचणीच्या दिवशी दोन्ही स्पाइन एकदम बंद करा आणि बाहेर बसून एखाद्या लीफच्या कन्सोलवर पोचता येतं का बघा. नाही पोचता आलं तर अजून चालू करू नका.