‘मर्यादा’ नको, मग काय?

प्रश्न (सांगली): सीटी स्कॅनला येणाऱ्यांसाठी मराठी पत्रक करतेय. ‘डायग्नोस्टिक रेफरन्स लेव्हल’, म्हणजे डीआरएलला (दवाखान्यांनी आपले किरणांचे डोस ज्याच्याशी ताडायचे तो आकडा) मसुद्यात ‘किरणोत्सर्गाची कमाल मर्यादा’ म्हटलंय. मला ते खटकतंय. आपल्याकडे कृष्णेच्या पुराची, आयर्विन पुलावरची ‘इशारा पातळी’ पोरासोराला माहीत आहे. तो शब्द उचलू का?

प्रतिसाद (मिरज, क्ष-किरण विभागात नोकरी): ताई, मर्यादा असते ती आम्हाला, छातीवर डोस मोजणारा बॅज लावून काम करणाऱ्यांना. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. पेशंटला अशी मर्यादा नसते. तपासणी गरजेची असेल तर ती करायचीच, फक्त कामापुरत्या डोसात.

डीआरएलचा आकडा निघतो असा: प्रत्येक दवाखान्याने एकाच तपासणीच्या, सर्वसाधारण बांध्याच्या पेशंटांच्या डोसांचा मध्यक काढायचा (दहावीतला मध्यक, सरासरी नव्हे). मग बऱ्याच दवाखान्यांचे मध्यक चढत्या क्रमाने मांडायचे. तीन चतुर्थांश ज्याच्या खाली राहतात, तो आकडा डीआरएल. एखाद्या दवाखान्याचा मध्यक नेहमीच त्याच्या वर जात असेल, तर कारण शोधायचं. छातीचा स्कॅन उगीच पोटापर्यंत ओढला जातोय का? एका फेरीत भागतंय तिथे दोन होताहेत का? मशीनची सेटिंग काय आहेत? एकशे दहा किलोच्या माणसाला डोस जास्तच लागणार, त्याचा एकट्याचा आकडा याच्याशी ताडायचा नाही. आयसीआरपीने (किरणांपासूनच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग) ही संज्ञा १९९६ मध्ये आणली आणि २०१७ च्या पुस्तिकेत पुन्हा बजावलं की ही मर्यादा नव्हे.

प्रतिसाद (कृष्णाकाठ): ‘इशारा पातळी’ला माझा विरोध. पुलावर ४० फूट इशारा, ४५ धोका. चाळीस म्हटलं की आम्ही जनावरं सोडतो, धान्य माळ्यावर चढवतो. पत्रकात हा शब्द वाचून पेशंट टेबलावरून उतरेल! शिवाय पुलावरचे फूट तिथेच राहतात. दवाखाने सुधारले की डीआरएलचा आकडा पुढच्या पाहणीत खाली यायला हवा.

‘रेफरन्स लेव्हल’चं शब्दशः ‘संदर्भ पातळी’ बरोबर आहे, पण निर्जीव. माझं मत ‘तुलनापातळी’.

प्रतिसाद (सातारा): ‘किरणोत्सर्ग’ही काढा. परिभाषेत तो युरेनियमसारख्या पदार्थांचा गुण. रेडिएशनला ‘प्रारण’ आहे. एक्स-रेचं बटण सुटलं की खोलीत काही उरत नाही. तरी आमच्या वहिनी विचारत होत्या, बाळाला किती दिवस जवळ घ्यायचं नाही? ही भीती अर्धी त्या शब्दाने घातलेली. पण ‘प्रारण’ कोणाला कळणार? ‘क्ष-किरण’ पुरे.

आणि डोसाची ‘मात्रा’ करू नका. मात्रा वैद्याच्या सहाणेवर उगाळतात, तबल्यावर मोजतात, अक्षराच्या डोक्यावर देतात. उपदेशाचे डोस पाजून पाजून तो शब्द कधीच मराठी झालाय.

प्रश्नकर्ती: मग असं लिहिते: ‘तुलनापातळी ही दवाखान्याने स्वतःचं काम ताडून पाहण्यासाठी आहे. तुमचा डोस त्याहून जास्त निघाला, म्हणजे तुम्हाला अपाय झाला असा अर्थ नाही.’

मिरज: चालेल. त्याखाली एक ओळ वाढवा: ‘आधीचे स्कॅन सोबत आणा.’ तेवढ्याने कधीकधी नवा स्कॅनच वाचतो.